वाचकांचे प्रश्न : ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या भोवतीचा महासागर

या महिन्यात सदराकडे आलेली बरीचशी पत्रे एकाच दिशेचा प्रदेश विचारणारी निघाली. पुण्यातील अनेक घरांतील मुले-मुली शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी सिडनी, मेलबर्न, ऑकलंड येथे राहत आहेत. त्यांच्याशी फोनवर होणाऱ्या बोलण्यातून काही शंका निघाल्या आहेत, तर काही वर्गातून आणि एक थेट शेताच्या बांधावरून आली आहे. म्हणून या वेळी निरनिराळ्या विषयांची पत्रे बाजूला ठेवून ऑस्ट्रेलिया आणि त्याच्या शेजारचा बेटांचा प्रदेश एवढाच विषय घेतला आहे.

प्रश्न : पाठ्यपुस्तकात कधी ‘ऑस्ट्रेलिया खंड’ तर कधी ‘ओशनिया’ असे छापलेले असते. न्यूझीलंड कोणत्या खंडात, असे मुलांनी विचारले की नेमके काय सांगावे?
(भूगोलाच्या शिक्षिका, हडपसर)

आपला गोंधळ स्वाभाविक आहे, कारण हे दोन शब्द दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ऑस्ट्रेलिया हा भूरचनेच्या दृष्टीने एक खंड आहे आणि त्याची खरी सीमा किनाऱ्यावर संपत नाही. मागील हिमयुगात समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटरने खाली गेली होती, तेव्हा न्यू गिनी, ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया मिळून एकच सलग भूमी होती. अभ्यासक तिला साहुल म्हणतात. बर्फ वितळत गेले, सखल भागांत पाणी शिरले, आणि सुमारे 8000 वर्षांपूर्वी टोरेसची सामुद्रधुनी तयार होऊन न्यू गिनी वेगळे झाले. म्हणजे न्यू गिनी हे नकाशावर निराळे बेट दिसले, तरी ते त्याच खंडाचा भाग आहे. याउलट इंडोनेशियातील बाली आणि लोंबोक ही बेटे एकमेकांपासून जेमतेम 35 किलोमीटरवर आहेत, पण त्यांच्यामधला समुद्र इतका खोल आहे की हिमयुगातही तो कोरडा पडला नाही. निसर्ग अभ्यासक आल्फ्रेड रसेल वॉलेस यांना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तेथे आढळले की, एका बाजूस आशियाचे प्राणी आहेत आणि दुसऱ्या बाजूस ऑस्ट्रेलियाच्या वळणाचे पक्षी व प्राणी सुरू होतात. आशिया कोठे संपतो, हे तेथील पाखरे कोणत्याही सीमारेषेपेक्षा स्पष्ट सांगतात.

न्यूझीलंड मात्र या खंडावर नाही. ते झीलँडिया नावाच्या, सुमारे 49 लाख चौरस किलोमीटर पसरलेल्या आणि जवळजवळ 95 टक्के पाण्याखाली असलेल्या एका स्वतंत्र भूखंडाचे वर राहिलेले माथे आहे. म्हणून मुलांना असे सांगावे : न्यूझीलंड ओशनिया या प्रदेशात आहे, पण ऑस्ट्रेलियाच्या भूखंडावर नाही. ओशनिया हा शब्द महासागराने जोडलेल्या माणसांचा आणि बेटांचा प्रदेश दाखवतो, खडकांचा सलगपणा दाखवत नाही.

या प्रदेशाचे मेलानेशिया, मायक्रोनेशिया आणि पॉलिनेशिया असे जे तीन भाग शिकवले जातात, त्यांच्याविषयीही वर्गात दोन वाक्ये बोलावीत, अशी माझी विनंती आहे. ही विभागणी फ्रेंच दर्यावर्दी द्युमाँ द्युर्विल यांनी 1830 च्या दशकाच्या आरंभी रूढ केली. ‘मेलानेशिया’ म्हणजे ‘काळी बेटे’. हे नाव माणसांच्या कातडीकडे पाहून दिलेले आहे. पॉलिनेशियाला भाषेचा आणि वंशपरंपरेचा खरा आधार आहे, मेलानेशियाला तो नाही. नावे रूढ झाली आहेत, ती वापरावी लागतील; पण ती कोणी आणि काय पाहून दिली, हे मुलांना माहीत असायला हवे.

आणखी एक गोष्ट. आपल्या वर्गातील भिंतीवरचा नकाशा प्रशांत महासागराला मधोमध कापतो. अर्धा उजव्या कडेला, अर्धा डाव्या कडेला. पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सुमारे एक तृतीयांश भाग व्यापणारा महासागर अशा रीतीने कागदाची कड होऊन बसतो. शक्य असेल तेव्हा पृथ्वीचा गोल हातात घेऊन ताहितीच्या बाजूने मुलांना दाखवावा. समोर जवळपास केवळ पाणी दिसते, आणि त्या पाण्यावर ठिपके. पुढील बरीच उत्तरे त्याच बाजूने पाहिल्यावर अधिक चांगली समजतील.

प्रश्न : माझी मुलगी मेलबर्नला राहते. तिच्याकडे गेलो तेव्हा विमानातून तासन्‌तास केवळ तांबडी, ओसाड जमीन दिसत होती. भारताच्या दुपटीहून मोठा देश आणि वस्ती सगळी किनाऱ्यावर, असे का? आत पाणी नाही म्हणून, की लोक कमी म्हणून?
(निवृत्त बँक कर्मचारी, कोथरूड)

आपण पाहिले ते चित्र बरोबर आहे. ऑस्ट्रेलियाचे क्षेत्रफळ सुमारे 77 लाख चौरस किलोमीटर आणि लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या घरात. एकटे वेस्टर्न ऑस्ट्रेलिया हे राज्य सुमारे 25 लाख चौरस किलोमीटरचे आहे, आणि तेथील एकूण लोकसंख्या आपल्या एका पुणे जिल्ह्याच्या एक तृतीयांशाच्या आसपास आहे. देशातील दहापैकी आठांहून अधिक माणसे समुद्रापासून 50 किलोमीटरच्या आत राहतात.

कारण समजण्यासाठी पुण्याहून ताम्हिणीला जाणारा रस्ता आठवावा. घाटमाथ्यावर वर्षाला 6000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहरात 700 च्या आसपास, आणि दौंड, इंदापूर, बारामतीकडे जाता जाता तो 500 वर येतो. ऑस्ट्रेलियात हेच चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे आहे. तेथे बाष्प पूर्वेच्या प्रशांत महासागरावरून येते, पूर्व किनाऱ्याला समांतर सुमारे 3500 किलोमीटर धावणारी ग्रेट डिव्हायडिंग रेंज ते अडवते आणि पश्चिमेकडे पर्जन्यछाया पडते. मात्र डोंगर हे एकमेव कारण मानले तर चूक होईल. ती रांग फारशी उंच नाही. देशातील सर्वोच्च शिखर कोशिउस्को 2228 मीटरचे, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा सहाशे मीटरनेच अधिक. मोठे कारण आकाशात आहे. विषुववृत्ताजवळ तापून वर गेलेली हवा 30 अंश अक्षांशाच्या सुमारास खाली उतरते, उतरताना कोरडी होत जाते आणि ढग बनू देत नाही. ऑस्ट्रेलियाचा मध्यभाग नेमका त्या पट्ट्याखाली येतो.

जमिनीचे वयही ध्यानात घ्यावे. आपला दख्खनचा बेसाल्ट सुमारे 6.6 कोटी वर्षांचा. त्याच्या झिजेतून आपल्याला काळी, कसदार माती मिळाली. ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम भागातील जॅक हिल्स येथे सापडलेले झिरकॉन या खनिजाचे कण सुमारे 440 कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. इतक्या जुन्या भूमीवर अलीकडच्या काळात ना मोठी हिमनदी फिरली, ना मोठ्या प्रमाणावर ज्वालामुखींनी नवी माती घातली. पावसाने कोट्यवधी वर्षे धुतलेल्या त्या मातीत स्फुरद फार थोडे उरले आहे. तांबडा रंग लोहाचा आहे. तो कसाचा रंग नव्हे.

आता पाणी. ‘आत पाणी नाही’ हे अर्धसत्य आहे. देशाच्या सुमारे 22 टक्के भागाखाली ग्रेट आर्टेशियन बेसिन हा जगातील फार मोठ्या भूजलसाठ्यांपैकी एक साठा आहे. डोंगररांगेच्या पश्चिम उतारांवर मुरलेले पाणी वाळूखडकाच्या थरांतून अतिशय संथपणे आत सरकते. काही ठिकाणी ते दहा लाख वर्षांहूनही जुने आहे. वरचा अभेद्य थर फोडला की ते स्वतःच्या दाबाने उसळून वर येते. 1878 मध्ये न्यू साऊथ वेल्समध्ये अशी पहिली कूपनलिका घेतली गेली आणि मेंढपाळांची वस्ती आत सरकू लागली. पुढे हजारो बोअर उघडेच वाहत राहिले, उघड्या चरांतून नेलेल्या पाण्यापैकी बहुतेक वाफेत व मातीत गेले, आणि दाब उतरू लागला. गेल्या काही दशकांत ते बोअर बंदिस्त करून नळाने पाणी नेण्याचे काम सरकारी खर्चात हाती घ्यावे लागले. आपल्याकडे शिरूर-इंदापूरकडे दरवर्षी आणखी खोल जाणाऱ्या बोअरच्या शेजारी उभे राहून हे वाचले, तर त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

या संदर्भात जॉर्ज गॉयडर यांची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या या महाभूमापकाने 1865 मध्ये घोड्यावरून हिंडून, दुष्काळात कोणती झुडपे कोठे टिकली हे पाहून नकाशावर एक रेषा आखली. रेषेच्या दक्षिणेस गहू पिकेल, उत्तरेस पेरू नका, असा तिचा अर्थ होता. 1870 च्या दशकात ओळीने चांगले पाऊस झाले. लोकांनी रेषा ओलांडली, गावे वसवली, सरकारनेही बंधन सैल केले. 1880 च्या दशकात कोरडी वर्षे परतली आणि शेतकरी घरे टाकून निघाले. त्या दगडी घरांच्या भिंती आजही उभ्या आहेत. चार चांगल्या पावसांवरून जमिनीचा स्वभाव ठरवू नये, हे गॉयडर झुडपांवरून वाचू शकले, कारण झुडपांनी सर्व पावसाळे पाहिलेले होते.

‘ओसाड’ या शब्दाबद्दल मात्र एक दुरुस्ती सुचवतो. ब्रिटिश जहाजे 1788 मध्ये सिडनीला लागली, तेव्हा त्या भूमीवर किमान 50 हजार वर्षांपासून माणसे राहत होती आणि अडीचशेहून अधिक भाषा बोलत होती. जमीन कोणाचीच नाही, असे मानून ती घेतली गेली. टोरेस सामुद्रधुनीतील मेर बेटाच्या एडी माबो यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लढलेल्या दाव्यात 1992 मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे गृहीतक फेटाळले. विमानातून दिसलेल्या त्या तांबड्या पट्ट्यातील पाणवठ्यांना नावे आहेत, आणि त्यांच्या वाटा अजूनही गाण्यांतून लक्षात ठेवल्या जातात.

प्रश्न : आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऊस आहे. ऊस मूळचा न्यू गिनीचा, असे एका मेळाव्यात ऐकले. हे खरे आहे का? आपल्याकडे तर पूर्वीपासून गूळ होतोच.
(ऊस उत्पादक शेतकरी, बारामती तालुका)

दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जाड, रसाळ कांडीचा जो ऊस आपण ओळखतो, त्याची लागवड प्रथम न्यू गिनीत काही हजार वर्षांपूर्वी सुरू झाली. तेथून तो बेटांवरच्या माणसांबरोबर आशियाकडे आला आणि पूर्वेला प्रशांत महासागरातही गेला. भारतात त्याचा स्थानिक रानगवताशी संकर होऊन बारीक, काटक जाती तयार झाल्या, आणि रस आटवून गूळ व दाणेदार शर्करा करण्याची विद्या येथे विकसित झाली. झाड त्यांचे, कढई आपली, असे म्हटले तरी चालेल. पुढे 1912 मध्ये कोइमतूर येथे ऊस पैदास केंद्र स्थापन झाले आणि जाड उसाचा नदीकाठच्या त्याच रानगवताशी मुद्दाम संकर करून ‘को’ मालिका सुरू झाली. आपल्या शेतात असलेल्या को 86032 या जातीच्या नावातील ‘को’ म्हणजे कोइमतूर; तिच्या पूर्वजांपैकी एक शाखा मात्र न्यू गिनीची आहे.

न्यू गिनीच्या अंतर्भागातील डोंगराळ खोऱ्यांत, कुक येथील दलदलीत, सुमारे 7000 वर्षांपूर्वी मातीचे उंचवटे करून केळी लावल्याच्या आणि पुढील काळात चर खणून पाणी काढल्याच्या खुणा सापडल्या आहेत. जगात शेती जेथे स्वतंत्रपणे सुरू झाली, अशा मोजक्या जागांपैकी ही एक आहे. खडे डोंगर आणि एकमेकांपासून तुटलेली खोरी यांमुळे एकट्या पापुआ न्यू गिनी या देशात 800 हून अधिक भाषा आहेत.

उसाने याच भागात भारतीय माणसेही नेली. फिजीतील मळ्यांसाठी 1879 ते 1916 या काळात सुमारे 60 हजार भारतीयांना करारावर नेण्यात आले. ‘ॲग्रिमेंट’ चा अपभ्रंश ‘गिरमिट’ झाला आणि ती माणसे गिरमिटिया ठरली. ही पद्धत बंद व्हावी, असा ठराव मार्च 1912 मध्ये कायदेमंडळात मांडणारे गोपाळ कृष्ण गोखले हे आपल्या पुण्याचे. सरकारी सभासदांच्या बहुमताने तो फेटाळला गेला, पण तेथपासून साधारण पाच वर्षांत भरती थांबली. फिजीत जमिनीचा मोठा हिस्सा, 80 टक्क्यांहून अधिक, मूळ फिजियन कुळांच्या सामाईक मालकीचा असून तो विकता येत नाही. ब्रिटिशांच्या अन्य अनेक वसाहतींत मूळ लोकांची जमीन गेली, येथे ती राहिली, ही चांगली गोष्ट आहे. पण गिरमिटियांचे वंशज पिढ्यान्‌पिढ्या खंडाने (भाडेपट्ट्याने) घेतलेल्या जमिनीवर ऊस करत राहिले, आणि 1997 पासून तीस वर्षांचे करार संपू लागले, तेव्हा अनेकांना उभे पीक असलेले गाव सोडावे लागले. दोन्ही बाजूंचे दुःख खरे आहे आणि दोन्ही एकाच धोरणातून आले आहे.

प्रश्न : एल निनो दक्षिण अमेरिकेजवळ होतो, मग आपला पाऊस का कमी होतो?
(इयत्ता दहावीचा विद्यार्थी, निगडी)

तू भिंतीवरच्या नकाशात पाहतोस म्हणून ते लांब वाटते. एरवी व्यापारी वारे प्रशांत महासागरातील तापलेले पाणी पश्चिमेकडे, म्हणजे इंडोनेशिया-न्यू गिनीकडे ढकलत असतात. तेथे हवा वर चढते, पाऊस पडतो आणि ती पेरूच्या बाजूला खाली उतरते. एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात, गरम पाणी पूर्वेकडे पसरते, आणि हवेची वर चढण्याची जागाही पूर्वेकडे सरकते. मग इंडोनेशिया, ऑस्ट्रेलिया आणि बरेचदा भारत यांच्यावर हवा खाली उतरण्याचा कल वाढतो. भारत आणि ऑस्ट्रेलिया येथे दुष्काळ एकाच वेळी पडतात, हे ॲडिलेडचे चार्ल्स टॉड यांनी 1888 मध्येच नोंदवले होते.

त्यामागचा झोका शोधला गिल्बर्ट वॉकर यांनी. ते 1904 मध्ये भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. जगभरातील वेधशाळांचे आकडे जुळवताना त्यांना दिसले की, प्रशांत महासागरावर हवेचा दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूला तो कमी होतो, आणि उलटही होते. आज तो झोका ताहिती आणि ऑस्ट्रेलियातील डार्विन या दोन ठिकाणांच्या दाबातील फरकाने मोजतात. तेव्हा खात्याचे मुख्यालय सिमल्याला होते. 1928 मध्ये ते पुण्यात आले, म्हणूनच शिवाजीनगरच्या त्या दगडी इमारतीला आजही सिमला ऑफिस म्हणतात. निगडीहून पीएमपीने येताना ती तुला दिसली असेल.

मात्र एल निनो म्हणजे दुष्काळच, असे लिहू नकोस. 1997 चा एल निनो फार तीव्र होता, तरी भारतात पाऊस सरासरीइतका झाला. हिंदी महासागराचे पश्चिम आणि पूर्व भाग किती तापले आहेत, यावरही आपला पाऊस अवलंबून असतो.

प्रश्न : प्रशांत महासागरातील ठिपक्याएवढ्या बेटांवर माणसे मुळात पोहोचली कशी? वादळात भरकटून?
(ज्येष्ठ नागरिक, सदाशिव पेठ)

भरकटून नाही, आणि हे ठामपणे सांगता येते. भरकटलेल्या मच्छीमारांच्या होडीत बायका-मुले, डुकरे, कोंबड्या, अळकुड्या आणि केळीचे मुनवे नसतात. बेटांवर तर हे सगळे पोहोचले आहे. वारा-प्रवाहांचे आकडे घेऊन 1970 च्या दशकात संगणकावर केलेल्या प्रयोगांतही नुसते वाहत जाऊन हवाई किंवा न्यूझीलंड गाठणे जवळपास अशक्य ठरले.

या लोकांचे भाषिक पूर्वज तैवानकडून फिलिपीन्समार्गे आले. सुमारे 3000 वर्षांपूर्वी नक्षीदार मातीची भांडी घडवणारे त्यांचे समूह न्यू गिनीजवळच्या बेटांवरून टोंगा-सामोआपर्यंत पोहोचले. तेथे ते दीड हजार वर्षांहून अधिक काळ थांबले. मग इसवी सनाच्या 1000 नंतरच्या दोन-तीन शतकांत हवाई, रापा नुई (ईस्टर बेट) आणि न्यूझीलंड हे तिन्ही दूरचे कोपरे वसले. ज्ञानेश्वरी लिहिली गेली, साधारण त्याच सुमारास माओरींचे पूर्वज न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर उतरत होते. या भाषांचे नाते आजही ऐकू येते : पाच या संख्येला मलय भाषेत ‘लिमा’, माओरीत ‘रिमा’, आणि आफ्रिकेलगतच्या मादागास्करमध्ये ‘दिमी’ म्हणतात.

त्यांच्या होड्या कोकणातील उलांडीच्या होडीच्या जातीच्या, म्हणजे तोल सांभाळण्यासाठी बाजूला लाकूड बांधलेल्या, किंवा दोन होड्या जोडून केलेल्या होत्या. वाटाड्याला कोणता तारा क्षितिजावर कोठे उगवतो आणि कोठे मावळतो, हे पाठ असे. रात्री एकामागून एक तारे त्याच जागी उगवत आणि दिशा हातची जात नसे. ढगाळ रात्री तो होडीच्या तळाला बसणाऱ्या लाटांच्या हेलकाव्यावरून दिशा ओळखे, कारण दूरच्या वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा कित्येक दिवस एकाच दिशेने येत राहतात आणि बेटाला वळसा घालताना त्यांची लय बदलते. संध्याकाळी घरट्याकडे परतणारे पक्षी पाहिले, की बेट आणखी काही कोसांवर आहे, हे कळे. यामुळे ठिपक्याएवढे बेट समुद्रावर मात्र मोठे होत असे. प्रवास नेहमीच्या वाऱ्याच्या विरुद्ध, पूर्वेकडे केला जाई. जमीन सापडली नाही, तर तोच वारा घरी परत आणी.

ही विद्या लोपली, असे मानले जात होते. मायक्रोनेशियातील सातावाल बेटाचे माउ पिआइलुग यांना ती येत होती. 1976 मध्ये त्यांनी ‘होकुलेआ’ ही जुन्या पद्धतीची जोडहोडी हवाईहून ताहितीला, सुमारे 4000 किलोमीटर, एकही उपकरण न वापरता नेली. ताहितीच्या किनाऱ्यावर हजारो लोक तिची वाट पाहत उभे होते.

एक पुरावा तर आपल्या ताटातही आहे. रताळे मूळचे अमेरिकेचे. आपल्याकडे ते युरोपीय व्यापाऱ्यांमार्फत आले आणि एकादशीच्या फराळात बसले. पॉलिनेशियात मात्र युरोपीय येण्याच्या कितीतरी आधीपासून रताळी पिकत होती. दोन्ही बाजूंच्या लोकांचा संबंध बाराव्या शतकाच्या सुमारास आला होता, याला 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानेही पुष्टी दिली.

प्रश्न : तुवालू हा देश बुडणार, असे वाचले. किती वर्षांत?
(महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कर्वेनगर)

प्रशांत महासागरातील तुवालूची जमीन एकूण 26 चौरस किलोमीटर आणि सर्वांत उंच जागा साडेचार मीटरच्या आसपास. त्याची बेटे आपल्या लक्षद्वीपसारखी कंकणाकृती प्रवाळद्वीपे आहेत : जुना ज्वालामुखी हळूहळू खचत जातो, त्याच्या कडेने प्रवाळ वर वाढत राहतो, आणि शेवटी मधल्या खाजणाभोवती वाळूचे कडे उरते. चार्ल्स डार्विन यांनी मांडलेल्या या कल्पनेची खात्री 1952 मध्ये मार्शल बेटांतील एनेवेताक येथे पटली. तेथे प्रवाळ खडकात एक किलोमीटरहून अधिक खोल छिद्र पाडल्यावर खाली बेसाल्ट लागला.

वाळूचे कडे स्थिर नसते, म्हणून बुडण्याची तारीख सांगणे योग्य नाही. 1971 ते 2014 या काळात समुद्र वाढत असतानाही लाटांनी आणलेल्या वाळूमुळे तुवालूचा एकूण भूभाग सुमारे 3 टक्क्यांनी वाढला. पण जमीन असणे आणि तेथे राहता येणे, या निराळ्या गोष्टी आहेत. वाळूखाली पावसाच्या गोड्या पाण्याचा पातळ थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. भरतीचे पाणी त्यात मिसळले, की खड्ड्यांत लावलेली अळूसारखी कंदपिके जळतात आणि प्यायला केवळ छपरावरचे पाणी उरते. बेट दिसेनासे होण्याच्या पुष्कळ आधी ही वेळ येऊ शकते.

तेथील लोकांनी त्यासाठी तयारी केली आहे. ऑस्ट्रेलियाशी नोव्हेंबर 2023 मध्ये झालेल्या करारानुसार दरवर्षी 280 तुवालूवासीयांना ऑस्ट्रेलियात कायम राहण्याचा मार्ग खुला झाला आहे. त्याच वर्षी तुवालूने आपल्या राज्यघटनेत दुरुस्ती करून असे लिहिले की, हवामानबदलामुळे भूभाग गेला, तरी राष्ट्र म्हणून तुवालू कायम राहील आणि त्याच्या सागरी सीमा आहेत तेथेच राहतील.